शेअर केलेली फाइल नेमकी कोणाची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ऑनलाइन साधनांविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचा एकंदर सूर असा होता की क्लाउड, म्हणजे कंपन्यांच्या संगणकांवरची ऑनलाइन साठवण, आल्यापासून फाइल हरवण्याची धास्ती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. त्यातले अर्धे म्हणणे मला मनापासून मान्य आहे. हार्ड डिस्क बसल्यामुळे दोन महिन्यांचे काम एका दुपारी मातीला मिळालेले मी एकेकाळी पाहिले आहे, आणि गेल्या बारा वर्षांत माझ्यावर तशी वेळ पुन्हा आलेली नाही. उरलेल्या अर्ध्या म्हणण्याबद्दल मात्र हे पत्र लिहिणे भाग पडले. फाइल आजही जाते. यंत्र बिघडल्यामुळे जाण्याचे प्रमाण कमी झाले आहे. ती ज्या खात्यात असते ते खाते बंद होते, सेवेच्या अटी बदलतात, किंवा किल्ली एकाच माणसाकडे असते आणि तो माणूस हाताशी नसतो, म्हणून ती जाते.

मी भाषांतरकार आहे. मसुदे, शब्दसूची, कामाचे वेळापत्रक, बिले, बैठका, हे सगळे आता माझ्यासाठी ब्राउझरच्या एका खिडकीत उघडते, आणि त्याचा मला जाच नाही, उलट सोयच आहे. पूर्वी एकच मसुदा दोघींनी दोन वेगळ्या प्रतींवर तपासला, तर त्या दोन प्रतींतल्या दुरुस्त्या जुळवण्यात तिसरीचा अख्खा दिवस जात असे. आता तिघी एकाच परिच्छेदात एकाच वेळी वावरतो आणि प्रत्येकीचा कर्सर वेगळ्या रंगात लुकलुकताना दिसतो. ही कल्पना काही कालपरवाची नाही. संगणकाची शक्ती पुढेमागे टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून पुरवली जाईल, असे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच बोलून दाखवले होते. आणि दोन ठिकाणी बसलेली माणसे एकाच मजकुरावर काम करत आहेत, हे अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रात्यक्षिकात प्रत्यक्ष दाखवले होते. सर्वसामान्यांच्या हाती ती सोय पडायला मात्र २००६ उजाडावे लागले. त्या वर्षाच्या मार्चमध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी गूगलनेही ब्राउझरमध्ये चालणारे लेखनाचे आणि तक्त्यांचे साधन लोकांपुढे आणले. म्हणजे ज्या सवयीला आपण जन्मजात समजू लागलो आहोत, तिला जेमतेम दोन दशके झाली आहेत, आणि तिचे रीतिरिवाज अजून पुरते बसलेले नाहीत.

माझ्या बाबतीत काय घडले ते सांगते. आम्ही सहा भाषांतरकारांनी मिळून सात वर्षे परिभाषेचा एक तक्ता चालवला. आरंभी त्यात दोन-अडीचशे नोंदी होत्या, शेवटी शेवटी त्या चार हजारांच्या पुढे गेल्या. ‘लायबिलिटी’साठी ‘दायित्व’ कुठे घ्यायचे आणि ‘देयता’ कुठे, ‘कम्प्लायन्स’ला दर वेळी ‘अनुपालन’च म्हणायचे की वाक्य सोडवून ‘नियम पाळले’ असे सरळ लिहायचे, अशा प्रश्नांची उत्तरे त्यात होती. उत्तरांहूनही मोलाच्या होत्या त्या चौकटींच्या कोपऱ्यांना चिकटलेल्या टिपण्या. एखाद्या शब्दावर बाण नेला की बाजूला छोटी पट्टी उघडायची आणि तीन वर्षांपूर्वी त्या शब्दावर कोणी आक्षेप घेतला होता, कशावरून घेतला होता आणि अखेर तो मागे का घेतला, हे ओळीने वाचायला मिळायचे. गटात कोणी नवे आले की आम्ही त्याला वेगळे काही शिकवत नसू. टिपण्या वाच, एवढेच सांगत असू.

हा तक्ता पहिल्या दिवशी ज्या मैत्रिणीने उघडला, तिने तो आपल्या तेव्हाच्या नोकरीतल्या खात्यावरून उघडला होता. त्यामागे काही विचार होता असे नाही. त्या क्षणी ब्राउझरमध्ये जे खाते चालू होते ते वापरले गेले, इतकेच. सातव्या वर्षी तिने ती नोकरी सोडली. काही आठवड्यांनी एका सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे तक्ता उघडायला गेले, तर पांढऱ्या पानावर एकच ओळ आली की मागितलेली फाइल अस्तित्वात नाही. आधी वाटले नेट गेले असेल. मग वाटले मी दुसऱ्याच खात्यातून आत आले असेन. मग दुसऱ्या ब्राउझरमधून, नंतर फोनवरून पाहिले. तोवर उरलेल्या चौघांचे निरोप येऊन पडले होते. मैत्रिणीने जुन्या कचेरीत फोन केला. पलीकडची व्यक्ती अतिशय सौजन्याने बोलली आणि तिने सांगितले की नोकरी सोडणाऱ्याचे खाते नियमानुसार ठरावीक दिवसांनी कायमचे पुसले जाते, आणि ती मुदत आदल्याच आठवड्यात संपली.

त्या संस्थेचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. कागदोपत्री तो तक्ता त्यांच्याच खात्यातला होता आणि त्यावर बाहेरचे पाच जण रोज काम करत आहेत, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. चूक असेल तर आमच्या समजुतीची. ‘शेअर’ हा शब्द कानावर पडला की वाटून घेतले, सगळ्यांचे झाले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या साधनांमध्ये वाटला जातो तो प्रवेश, मालकी नव्हे. सहा जण सात वर्षे लिहीत होतो, पण घर एकीच्या नावावर होते, आणि ते नावही पुन्हा तिच्या मालकाने दिलेले होते.

आमच्यातल्या एकाने आठ महिन्यांपूर्वी प्रवासात नेट मिळणार नाही म्हणून तक्ता आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला होता, हे नशीब. परंतु फाइल हलकी राहावी म्हणून त्याने ती सीएसव्ही या साध्या मजकुराच्या प्रकारात उतरवली होती. त्या प्रकारात चौकटींमधले शब्द येतात. टिपण्या येत नाहीत, आणि कोणी केव्हा काय बदलले याचा इतिहासही येत नाही. शब्द बहुतेक परत मिळाले. ते शब्द का निवडले होते, हे मात्र आता आमच्या आठवणीत जेवढे आहे तेवढेच आहे, आणि आठवणींबाबत आमचे सहा जणांचे सहा पाठभेद आहेत.

या प्रसंगानंतर मी इतरांना विचारपूस करू लागले, तेव्हा ‘सिंक’ या शब्दाने घातलेला घोळ त्याहून मोठा असल्याचे दिसले. फोनमधली छायाचित्रे आपोआप वर जातात, म्हणजे त्यांची एक प्रत वर सुरक्षित ठेवली जाते, अशी अनेकांची खात्री असते. सिंक करणाऱ्या सेवेचे काम दोन्ही ठिकाणे सारखी ठेवणे हे आहे. त्यामुळे फोनमध्ये जागा करायची म्हणून एखाद्याने चारशे छायाचित्रे निवडून पुसली, तर ती वरूनही तितक्याच आज्ञाधारकपणे पुसली जातात. काही ॲपमध्ये ‘फक्त या फोनवरून काढा’ असा वेगळा पर्याय असतो, पण तो दुसऱ्या पडद्यावर असतो आणि ठळक बटण पहिल्या पडद्यावर असते. पुसलेली वस्तू काही काळ कचरापेटीत राहते, हे खरे. अनेक सेवांमध्ये हा काळ ३० दिवसांचा असतो. पण एखादे छायाचित्र नाही, हे माणसाला कळते ते शोधायला जातो तेव्हा, आणि छायाचित्रे कोणी महिन्याच्या महिन्याला शोधत नाही.

कंपन्या आपली आश्वासने कायम ठेवतील, असे गृहीत धरण्यातही अर्थ नाही. गूगल फोटोज २०१५ मध्ये आले तेव्हा थोड्या कमी दर्जाची छायाचित्रे कितीही ठेवा, पैसे पडणार नाहीत, अशी त्याची ख्याती होती. १ जून २०२१ पासून चढवलेली नवी छायाचित्रे मात्र ईमेल आणि फाइलींसह एकत्र मिळणाऱ्या १५ जीबीच्या हिशोबात धरली जाऊ लागली. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्ह या आपल्या साठवण सेवेवर काही ग्राहकांना २०१४ साली अमर्याद जागा देऊ केली आणि पुढच्याच वर्षी ती योजना मागे घेतली. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही लोकांना स्वतःची वेबपाने मांडू देणारी सेवा बंद केली, तेव्हा असंख्य हौशी लोकांनी वर्षानुवर्षे सजवलेली पाने एका फटक्यात गेली. मायस्पेस या समाजमाध्यमावर २०१५ आणि त्याआधीच्या बारा वर्षांत लोकांनी चढवलेले संगीत तर सर्व्हर बदलताना गहाळ झाले, आणि ही गोष्ट उघड झाली २०१९ मध्ये. कंपनीने व्यवसायाचे गणित बदलले तर अटी बदलणारच. त्यावर रागावून उपयोग नाही. तरी फुकट मिळालेल्या जागेवर आपण आयुष्याचे दप्तर मांडतो आणि मग जागा आवरायला सांगितली की अन्याय झाल्यासारखे बोलतो, याचे मला थोडे हसूही येते. त्यात मीही आले.

या सगळ्यावर कोणी म्हणेल की ही हौशी माणसांची रड आहे, संस्था आणि सरकारे अशी बेफिकीर नसतात. दक्षिण कोरियाचे उदाहरण त्यांच्यासाठी देते. तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. तिथे जी-ड्राइव्ह नावाची सरकारी साठवण होती आणि कचेरीतली कामाची कागदपत्रे स्वतःच्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवावीत, असे कर्मचाऱ्यांना सांगितलेले होते. सुमारे ८५८ टेराबाइट माहिती त्या आगीत गेली, कारण साठवण फार मोठी असल्यामुळे तिची बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते की ज्या कर्मचाऱ्यांनी सूचना चोख पाळली त्यांचे अधिक गेले, आणि ज्यांनी कंटाळा करून फाइली आपल्या टेबलावरच्या संगणकावर राहू दिल्या होत्या त्यांचे वाचले. फ्रान्समध्येही १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबूर्ग इथल्या ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा आपली दुसरी प्रत त्याच आवारात आहे, हे काही ग्राहकांना आगीनंतर समजले. क्लाउड म्हणजे ढग, आणि ढगाला आग लागत नाही, असे नावावरून वाटते खरे. प्रत्यक्षात ती कुठल्या तरी जमिनीवरची भिंती, वायर, पंखे आणि बॅटऱ्या असलेली इमारत असते.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. मे २०२४ मध्ये युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगल क्लाउडवरचा खासगी डोलारा सेटिंगमधल्या एका चुकीमुळे आपोआप पुसला गेला. एकाऐवजी दोन भौगोलिक विभागांत प्रती ठेवल्या होत्या, पण चूक दोन्हीकडे पोचली, असे निधीने आणि गूगलने तेव्हा सांगितले. सहा लाखांहून अधिक सभासदांना कित्येक दिवस आपले खाते पाहता आले नाही. तरीही माहिती बुडाली नाही, कारण त्या निधीने दुसऱ्या एका पुरवठादाराकडे वेगळ्या प्रती ठेवल्या होत्या. दोन ठिकाणी ठेवणे आणि दोघांकडे ठेवणे यात किती अंतर आहे, हे मला तरी या बातमीमुळेच नीट उमगले.

यावर उपाय म्हणून क्लाउड सोडून द्या आणि सगळे पुन्हा घरच्या कपाटात आणून ठेवा, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. कपाटातली हार्ड डिस्कही मरते, आणि ती चोरीला गेली तर तिच्यासाठी कचरापेटीही नसते. या क्षेत्रातली माणसे तीन-दोन-एक असा एक जुना नियम सांगतात: प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या जागी. क्लाउड ही त्यातली उत्तम ‘दुसरी जागा’ आहे. ती एकमेव जागा झाली की मगच अडचण सुरू होते.

किल्लीचा मुद्दा मात्र याहून नाजूक आहे आणि त्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. सुरक्षिततेसाठी आपण दुहेरी पडताळणी चालू करतो आणि ती केलीच पाहिजे. पण संकेतांक येतो तो एका फोन क्रमांकावर, आणि तो क्रमांक बंद पडला, फोन पाण्यात गेला किंवा माणूसच गेला, तर पासवर्ड माहीत असूनही दार उघडत नाही. अशा वेळेसाठी सेवा देणाऱ्या कंपन्या एकदा वापरायचे राखीव संकेतांक आधीच देऊन ठेवतात. ते कागदावर लिहून घेतलेली माणसे माझ्या ओळखीत दोन निघाली, आणि त्यातल्या एकाने तो कागद कुठे ठेवला हे त्याला आठवत नव्हते. दुसऱ्याने त्याचे छायाचित्र काढून त्याच खात्यात ठेवले होते. आपण काही काळ खाते उघडलेच नाही तर माहिती कोणाकडे जावी, हे आधी ठरवून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे, आणि ॲपलने २०२१ पासून वारसदार नेमण्याची. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसण्याचे गूगलचे धोरणही डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. घरातल्या एखाद्या दिवंगत माणसाची पत्रे आणि छायाचित्रे ‘आहेत की तिथे’ म्हणून जे निर्धास्त आहेत, त्यांनी हे एकदा पाहावे.

लिंक देऊन फाइल खुली करण्याच्या सवयीबद्दलही बरेच लिहिता येईल, पण तो विषय स्वतंत्र आहे. एवढेच नमूद करते की जुना तक्ता गमावल्यावर मी माझ्या इतर फाइली तपासल्या, तेव्हा ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशा अवस्थेत एकोणीस फाइली निघाल्या, आणि त्यातली एक पाच वर्षांपूर्वी मिटलेल्या कामाची होती.

मला या पत्राद्वारे दोन-तीन ठोस अपेक्षा मांडायच्या आहेत. संस्थांनी कर्मचाऱ्याला निरोप देताना ओळखपत्र आणि लॅपटॉप जसा परत घेतला जातो, तसाच त्याच्या खात्यातल्या सामाईक फाइलींचा आढावा घ्यावा, त्या कोणाकडे सोपवायच्या हे त्याच्यासमोर ठरवावे, आणि त्या वापरणाऱ्या बाहेरच्यांना खाते बंद होण्याआधी कळवावे. कोणत्या फाइलीत कोण कोण आहे, हे त्या साधनाला ठाऊक असतेच. मग मालकाचे खाते पुसले जाणार असल्याची एक ओळ सगळ्या सहभागी व्यक्तींना आपोआप का जाऊ नये, हे मला कळलेले नाही. आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा हक्क युरोपीय संघाने २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत संघातल्या लोकांना दिला आहे, आणि आपली माहिती उतरवून घेण्याची गूगलची टेकआउट ही सोय तर २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. म्हणजे बाहेर पडण्याचे दार आहे. ते किती रुंद आहे, त्यातून टिपण्या आणि इतिहास बाहेर येतो की फक्त सांगाडा येतो, हे मात्र प्रत्येक साधनात वेगळे असते.

म्हणूनच आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे की एखाद्या नव्या साधनाची ओळख करून देताना त्यात किती जागा मिळते आणि ते किती झटपट चालते, यासोबत त्यातून आपले काम बाहेर कसे काढायचे, कोणत्या स्वरूपात निघते आणि मालकी दुसऱ्याकडे सोपवता येते की नाही, याचीही चार वाक्ये लेखकाने स्वतः करून पाहून लिहावीत. ‘एक्स्पोर्ट करता येते’ एवढे पुरेसे नाही. आमच्या तक्त्यालाही ते येत होते.

आमचा नवा तक्ता आता गटाच्या वेगळ्या खात्यावर आहे, त्याची किल्ली तिघांकडे आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला कोणी तरी एक जण टिपण्यांसह पूर्ण प्रत उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवतो. उतरवलेली प्रत दुसऱ्याने दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची, हा नियम आम्ही नंतर वाढवला, कारण पहिल्याच महिन्यातली प्रत उघडली तेव्हा निम्म्या मराठी शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हे आली होती. गेल्या महिन्यात पाळी माझी होती. मला ते नऊ तारखेला आठवले.

आपली,
एक भाषांतरकार वाचक